शिट्टी माझ्याकडे होती

पालिकेच्या दवाखान्यामागे बदामाचं झाड आहे. त्याखाली एक लांब बाक. आमच्यासारख्यांना आत दाटीत बसवत नाहीत, बाहेर वाऱ्यावर बसवतात. त्या बाकावर दर आठवड्याला एखादी नवी बाई दिसते. हातात फाईल, तोंडाला पदर, डोळे लाल. तिच्याशेजारी बसून दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं. पण मी पहिल्यापासून मुखदुर्बळ. शब्द ओठापर्यंत येतात आणि परत जातात.

म्हणून लिहून ठेवते. वाटलं तर गोळ्या देणाऱ्या शुभांगीताईंना वही देईन, त्या कुणाला वाचून दाखवतील. नाही तर कपाटात राहील.

माझं नाव मंदा. वय एक्कावन्न. शाळा चौथीपर्यंत. मुलुंडला डोंगराच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारती आहेत, तिथे तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. मी तीन घरी पोळ्या करायला जायचे. आमचे हे साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर काम करतात. मुलगी अश्विनी चष्म्याच्या दुकानात आहे.

मला टीबी झाला होता. आता बरा झाला. खोकला, ताप, गोळ्या याचं दवाखान्यात सगळे सांगतात. मी एक गोष्ट लपवली होती, ती कुणी सांगत नाही. म्हणून तीच आधी लिहिते.

*

आमच्या नगरात रविवारचं एक मंडळ आहे. पंधरा-वीस जण दर रविवारी डोंगरात चालायला जातात. कधी जवळच येऊरच्या जंगलात, कधी मिनीबस करून बदलापूर, कर्जतकडे. सावंत सर ते चालवतात. शाळेतून निवृत्त झालेत, पण हाक मारायची तऱ्हा अजून वर्गातलीच आहे.

मला मंडळात ओढलं नलिनीने. ती समोरच्या इमारतीत राहते. माझ्या खिडकीसमोर तिची खिडकी. दोन्ही इमारती इतक्या जवळ, की कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी अडकवून आम्ही एकमेकींना आमटी, खोबऱ्याच्या वड्या, विसरलेला चष्मा, सगळं पोचवायचो. जिना उतरायची गरज नाही.

"तीन घरं आणि एक बाजार, याच्यापुढे रस्ता माहितीये का गं तुला?" ती एकदा खिडकीतून म्हणाली. "रविवारी चल माझ्याबरोबर. बोलावं लागत नाही, नुसतं चालायचं."

बोलावं लागत नाही म्हणाली, म्हणून गेले.

मंडळाचा एक नियम आहे. सगळ्यांच्या पुढे सर, आणि सगळ्यांच्या मागे एक ठरलेला माणूस. त्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. कुणी दम खायला बसलं, बुटाची नाडी बांधायला थांबलं, की आपणही थांबायचं. त्याच्या गळ्यात शिट्टी असते. एक लांब शिट्टी म्हणजे पुढच्यांनी थांबायचं. दोन छोट्या म्हणजे चला.

हे काम पूर्वी आळीपाळीने असायचं. शेवटी चालायला कुणालाच आवडत नाही. पुढे हसणं-खिदळणं चालू असतं, मागच्याला फक्त धूळ. मला मात्र आवडलं. आपल्या मागे कुणी नसतं, आपल्याकडे कुणी बघत नाही. दोन-तीन महिन्यांत सर म्हणाले, "मंदाताई, आता हे तुमचंच."

शिट्टी पितळेची होती, आत बुचाची बारीक गोळी. चार वर्षं ती माझ्या गळ्यात होती. चार वर्षांत डोंगरावर मी मोठ्याने एक शब्द बोलले नाही. माझ्या वतीने शिट्टीच बोलायची.

*

मागच्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला. रविवारी भिजतो, त्याने असेल असं वाटलं. तव्याच्या धुराने असेल असंही वाटलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. आणि वजन उतरायला लागलं.

इथे आमची सगळ्यांचीच चूक झाली. डोंगरात चालणारी माणसं आम्ही. वजन उतरलं म्हणजे चालण्याचं फळ, असाच हिशेब सगळ्यांच्या डोक्यात.

"काय झकास बारीक झालीस गं!" नलिनी म्हणाली. "मी पण तेवढंच चालते, माझी कंबर का नाही हलत? काय खातेस सांग ना."

"काही नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. जेवण जात नव्हतं.

पंधरा ऑगस्टला मंडळाचा छोटा कार्यक्रम असतो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "डोंगर माणसाला काय देतो ते बघायचं असेल तर मंदाताईंकडे बघा. एक रविवार चुकवलेला नाही त्यांनी." मला स्टीलची पाण्याची बाटली बक्षीस दिली. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. जन्मात मला कधी कशाचं बक्षीस मिळालं नव्हतं. बाटली घरी आणून कपाटात दर्शनी जागी ठेवली. आतून फुप्फुस पोखरत होतं आणि मी आरशात गळ्याची हाडं बघून मनातल्या मनात खूश होत होते.

हे वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. न ठरवता वजन उतरलं आणि खोकला पंधरा दिवसांच्या वर टिकला, तर कौतुक नंतर करून घे. आधी दवाखान्यात जा.

*

गणपतीनंतरचा पहिला रविवार. बदलापूरच्या पुढचा डोंगर. मिनीबस एसीची होती, खिडक्या उघडत नव्हत्या. नेहमीप्रमाणे नलिनी माझ्या शेजारी. जाताना दीड तास मी रुमाल तोंडावर धरून खोकत होते, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

अर्ध्या चढावर एक वळण आहे, तिथे मोठा खडक. तिथपर्यंत आले आणि पाय उचलेना. पुढचे वळणापलीकडे जायला लागले. नियमाप्रमाणे मी थांबले, तर शिट्टी वाजवायला हवी. मी शिट्टी तोंडात धरली. फुंकर मारली. छातीत वाराच नव्हता. शिट्टी नुसती फुसफुसली आणि खोकल्याची उबळ आली.

नलिनी चार पावलं मागे उतरून आली. "अगं वाजव ना! ते बघ, चालले सगळे."

मी रुमाल तोंडावरून काढला. त्यावर लाल ठिपका होता. कुंकवाच्या टिकलीएवढा. मी रुमालाची घडी घातली.

"आण इकडे," म्हणत नलिनीने माझ्या गळ्यातून शिट्टी काढली आणि आपल्या ओठांत धरून जोरात वाजवली. शिट्टी माझ्या तोंडातून काढलेली, ओली होती. मी बघत राहिले. बोलायला हवं होतं. तिच्या घरी तिची मुलगी रूपाली पहिल्या बाळंतपणाला आली होती. सहावा महिना होता तिला. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले.

"राहू दे माझ्याकडेच," नलिनी म्हणाली. "तू दम घे आरामात. आज मी शेपूट."

*

दोन दिवसांनी तो रुमाल अश्विनीला धुण्यात सापडला. तिने कामावर रजा टाकली आणि मला रिक्षात बसवलं.

बेडका द्यायला मोकळ्या जागेत पाठवतात. हातात छोटी डबी. तिथे एकटी उभी राहून मी खोकत होते तेव्हा समोरच्या गॅलरीत एक बाई लोणच्याची बरणी उन्हात ठेवत होती. तिचा दिवस नेहमीसारखा होता. मला तिचा हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. डॉक्टरीणबाई अश्विनीच्याच वयाच्या. त्यांनी आधी खुर्ची पुढे ओढली. "टीबी आहे, फुप्फुसाचा. साध्या औषधांनी बरा होणारा आहे, घाबरू नका. सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही."

मला पहिलं सुचलं ते पोळ्यांचं. माझ्या हातची पोळी आता कोण खाईल? दुसरं सुचलं ते ओल्या शिट्टीचं.

अश्विनी छातीचा फोटो आणायला गेली होती. शुभांगीताई फॉर्म भरत होत्या. घरी कोण कोण, ते विचारून झालं. मग म्हणाल्या, "आणखी कुणाबरोबर बंद जागेत बराच वेळ बसता का? कामावर, भिशीला, भजनाला? आठवून सांगा. त्यांना काही करणार नाही आम्ही, फक्त तपासायचं."

मी फरशीकडे बघितलं. मंडळातली सतरा माणसं डोळ्यांसमोर आली. टाळ्या वाजवणारी.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

*

आमचे हे वाईट नाहीत. पण त्या संध्याकाळी ते फार घाबरले. त्यांच्या काकांना गावी हाच आजार झाला होता. काकांना गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं होतं, आणि ते गेल्यानंतरही वर्षभर त्यांच्या विहिरीवर कुणी पाण्याला आलं नाही. हे तेव्हा लहान होते. ते सगळं त्यांनी पाहिलेलं.

"कोणाक काय सांगू नको," ते म्हणाले. "गणपतीक गेलेली माणसा अजून गावाकच असत. तू पण गेलीस म्हणून सांगूया."

आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. समोर नलिनीची खिडकी. मी दिसले असते.

दवाखान्यात सांगितलं होतं, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, घरच्यांना त्यानेच जपता येतं. आणि आम्ही आमचं खोटं जपायला खिडकी बंद केली होती. दिवसा ट्यूबलाईट. घरघरणारा पंखा तीच हवा फिरवत होता.

"बाबा, उघडा ती," अश्विनी रोज म्हणायची. "या खोलीत आई एकटी नाही. मी पण श्वास घेते इथेच."

"शेजारी बघतील."

"बघू देत ना!"

"तुझा लग्न व्हायचा हा अजून," हे म्हणायचे, आणि अश्विनी तोंडावरचा मास्क घट्ट करून भांडी घासायला बसायची. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोघांनाही बरोबर म्हणता येत होतं, आणि कारण मीच होते.

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी नारिंगी झाली तेव्हा मी घाबरून रडले. ती औषधाने होते, त्यात काही नाही, हे नंतर कळलं. तुला आधीच सांगून ठेवते.

बंद काचेतून नलिनीचा आवाज यायचा. रूपालीला हाका मारताना, भाजीवाल्याशी भांडताना. नऊ दिवस तो आवाज ऐकत होते.

*

नवव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. घरात मी एकटी.

"काय गं बाई, किती दिवस गावाला? नवऱ्याला इथे कुकर लावायला ठेवून आंबोळ्या खातेस ना?"

"हं," मी म्हटलं.

"रेंज बरी आहे तुमच्या गावाला. आमच्या गावी फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं." ती हसली. मग म्हणाली, "ऐक, रूपालीला सातवा लागला. पुढच्या रविवारी ओटी भरायची आहे. पुरणपोळ्या तुझ्याच हातच्या पाहिजेत, आधीच सांगते. आणि तुझी शिट्टी माझ्याकडेच आहे हां. सरांनी मलाच मागे टाकलंय. वाजवून वाजवून घसा गेला माझा. चार दिवस नुसती खोकतेय."

"चार दिवस?" मी विचारलं.

"हो ना. रूपाली म्हणते, आई, तू आता दुसऱ्या खोलीत झोप. दुसरी खोली आहे कुठे? माझ्या कुशीतच झोपते ती."

मी पलंगावरून उठले. खिडकीची कडी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढली. उजेड एकदम डोळ्यांत आला. समोर नलिनी उभी होती, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून, हातात पिळलेला टॉवेल. तिच्या मागे रूपाली पाय पसरून बसलेली, मांडीवर मेथीची जुडी.

"नलिनी," मी फोनवर म्हटलं, "समोर बघ."

तिने बघितलं आणि आधी हसलीच. "अगं! तू इथेच? माझी मजा करतेस होय गं?"

"मला टीबी झालाय," मी म्हटलं. "तू तपासून घे. रूपालीला पण घेऊन जा. मिनीबसमध्ये आपण शेजारी बसायचो. दवाखान्यात विचारलं होतं मला, मी तुमचं कुणाचं नाव सांगितलं नाही. चुकलं माझं."

इतकं एका दमात मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "कधीपासून माहितीये तुला?"

"नऊ दिवस."

"नऊ दिवस," ती म्हणाली. मग मागे न वळता तिने हाक मारली, "रूपाली, आत जा. मोरीत जा, कुठेही जा. इथून ऊठ."

आणि तिने खिडकी लावली. टॉवेल तिच्या हातातच होता.

माझी खिडकी मी उघडी ठेवली.

*

संध्याकाळी हे कामावरून आले. उघडी खिडकी बघून दारातच थांबले. मग बंद करायला पुढे झाले.

"राहू द्या," मी म्हटलं.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कडीवरचा हात काढला. मग खाली जाऊन एक विटेचा तुकडा घेऊन आले आणि झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत बसवला. तो तुकडा अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी शुभांगीताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी फॉर्म काढला आणि नावं लिहायला घेतली. शिट्टीचं सांगताना मला रडू आलं.

"शिट्टीने होत नाही हो," त्या म्हणाल्या. "भांड्याने नाही, कपड्याने नाही. शिट्टी मनातून काढून टाका. बंद गाडीतल्या हवेची खरी भीती. ते सांगितलंत हे बरं केलंत. नऊ दिवस उशीर झाला, पण सांगितलंत."

रविवारी त्या सावंत सरांना भेटल्या. मंडळातले सगळे तपासून आले. काहींनी तोंड वाकडं केलं असेल, मला कळलं नाही. निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत मी देवाजवळ एकच मागितलं, ते माझ्यासाठी नव्हतं.

सगळे ठीक निघाले. नलिनीचा खोकला घशाचाच होता. रूपाली ठीक, पोटातलं बाळ ठीक.

ह्यांच्यातही काही निघालं नाही. आमच्या अश्विनीचं मात्र तसं झालं नाही. आजार झाला नव्हता, पण जंतू शरीरात शिरले होते. ते झोपलेले असतात तेव्हाच मारायचे म्हणून तिला तीन महिने गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आधीपासूनचंही असेल, नक्की कुणी सांगू शकत नाही. असेल. पण मला ती बंद खिडकी आठवते. दर आठवड्याला ती गोळ्या गिळायची आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची, "आई, कंपनी देतेय तुला."

निकाल आला त्याच दिवशी दुपारी समोरची खिडकी उघडली. कपड्यांची काठी पुढे आली. टोकाला प्लॅस्टिकची पिशवी. मी ती काढून घेतली. नलिनी दिसली नाही, फक्त तिचा हात आणि हिरव्या बांगड्या. काठी आत गेली, खिडकी लागली.

पिशवीत शिट्टी होती. डेटॉलचा वास येत होता. पितळ काळपट पडलं होतं, गळ्यातली दोरी उकळून पांढरी झालेली. मी वाजवून बघितली. आतली बुचाची गोळी पाण्याने फुगून एका जागी अडकली होती. आवाज येत नव्हता.

*

सहा महिन्यांचं फार सांगण्यासारखं नाही. ते एकसारखे असतात, हेच त्यातलं कठीण.

दोन घरांनी "तुम्ही विश्रांती घ्या" म्हणून सांगितलं. अर्थ कळला. तिसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टरांनी काम करा म्हटलं की ये. तोवर मी पाव खाईन." महिन्याने गेले तेव्हा त्यांनी परात पुढे केली आणि मी कणीक मळताना समोर बसून राहिल्या. एवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

दवाखान्यातल्या बाकावर हसीनाबी भेटायच्या. त्यांचा आजार माझ्यापेक्षा चिवट होता. पहिल्या दिवशी मी रडत होते तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर बडीशेप ठेवली. "रोने का नहीं," त्या म्हणाल्या. "गोली खाने का, सौंफ चबाने का, घर जाने का." सहा महिने मी तसंच केलं.

रविवारी पहाटे मंडळाची माणसं खाली कोपऱ्यावर जमायची. मी खिडकीतून बघायचे. निघताना सावंत सर वर बघून काठी उंच करायचे. दर रविवारी. मी हात हलवायचे. नलिनी बुटाच्या नाड्या बांधत असायची. फार वेळ लागायचा तिला त्या नाड्यांना.

डिसेंबरात समोरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बायकांची गाणी ऐकू आली, पाळण्याच्या घुंगरांचा आवाज आला. मी खिडकीशी बसून सगळं ऐकलं. ह्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि बाजूला बसून राहिले. मला बोलावणं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

*

होळीनंतर डॉक्टरीणबाईंनी फाईलवर शिक्का मारला. बरी झाले. हळूहळू चाला म्हणाल्या. महिनाभर मी नगराच्या रस्त्याने फेऱ्या मारल्या. मग सरांचा फोन आला.

"रविवारी बदलापूरचा डोंगर आहे. अर्ध्यापर्यंत या. शेवटचा माणूस आम्ही नेमलेला नाही अजून, आळीपाळीने चालवतोय."

"सर, लोकांना चालेल का?"

"गाडी बदलली आपण," ते म्हणाले. "आता एसी नाही. खिडक्या उघड्या असतात. धूळ येते, सगळे बोंबलतात. तुम्ही या."

गेले. कुणी पुढे येऊन हात धरला, कुणी लांबूनच मान हलवली. दोन्ही मी घेतलं. नलिनी पुढच्या सीटवर बसली. माझी शेजारची जागा रिकामी होती. खिडकीतून वारा येत होता, मी तोंड त्याच्याकडे केलं.

चढाला मी माझ्या जागी, सगळ्यांच्या मागे. गळ्यात ती शिट्टी. वाजत नव्हती, पण घालायची होती. माझ्या पुढे नलिनी. तिचे गुडघे दुखत होते, ते चालण्यावरून दिसत होतं. मी दहा पावलं अंतर ठेवून चालत होते. ती मागे वळली नाही.

त्याच वळणावर, त्याच खडकावर ती बसली. गुडघा धरून. पुढचे वळणापलीकडे दिसेनासे होऊ लागले.

मी थांबले. सवयीने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. पुन्हा हवा. नलिनी माझ्याकडे बघत होती. वर शेवटची टोपी वळणाआड गेली.

मी शिट्टी सोडली, छाती भरून घेतली आणि ओरडले.

"थांबा!"

छातीत वारा होता. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. वर सगळं शांत झालं. मग सरांचा आवाज आला, "कोण? कोण ओरडलं?" आणि कुणीतरी म्हणालं, "मंदाताई आहेत, सर!" "कोण?" "मंदाताई!"

नलिनी खडकावर बसून माझ्याकडे बघतच राहिली.

"एवढा आवाज होता तुझ्यात?" ती म्हणाली. "मग चार वर्षं ती शिट्टी कशाला फुंकत होतीस?"

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं.

"मी उकळली ती. तीनदा उकळली. एकदा उकळून भागणार नाही असं वाटत होतं."

"कळलं मला."

"वाजत नाही ना?"

"नाही."

तिने गुडघा चोळला. "मला आजाराचा राग नव्हता आला, मंदा. आजार काय, कुणालाही होईल. पण ते नऊ दिवस रूपाली माझ्या कुशीत झोपत होती. आणि तू समोर बसून ऐकत होतीस."

"हो," मी म्हटलं.

"अजून आहे राग थोडा."

"असू दे."

ती उठली. दोन पावलं चालून थांबली. या वेळी तिने मागे बघितलं.

"चार महिन्यांची झाली पोरगी. तू बघितली नाहीस अजून."

"आवाज येतो तिचा," मी म्हटलं. "सकाळी आठला रडते. अंघोळीला."

"आवाज येतो म्हणे," ती पुटपुटली. पदराने नाक पुसलं. "संध्याकाळी ये. आणि खिडकीशी उभी राहून हात हलवू नकोस. जिना उतर, जिना चढ आणि दारातून ये."

ती चालू लागली. नियमाप्रमाणे मी तिला दहा पावलं जाऊ दिलं. मग मागची वाट नीट बघून घेतली. मागे कुणी राहिलं नव्हतं.

वर सगळे अजून थांबलेले होते. मी दोनदा ओरडले.

"चला! चला!"